फाईल एकाच्या नावावर, उडवणारा दुसराच: रबाळ्यातल्या एका प्रीप्रेस युनिटचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रोडलगत रबाळे एमआयडीसीत हे युनिट आहे. औषधांच्या खोक्यांचं आर्टवर्क बनवायचं, कंपनीकडून मंजूर करून घ्यायचं आणि प्लेट काढून छापखान्याला द्यायची, हा धंदा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग मात्र जसाच्या तसा आहे. मी इथला नोकरदार नाही. सर्व्हर अडला की बोलावतात, तसं या वेळीही बोलावलं.

औषधाच्या खोक्यावर चित्र कमी आणि मजकूर जास्त. घटक, मात्रा, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, इशारे. यातली एक ओळ जुनी राहिली तरी छापलेला सगळा माल रद्दीत जातो. १ ऑगस्ट २०२३ पासून औषध नियमांच्या शेड्यूल एच-२ या यादीतल्या ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला, तेव्हा इथल्या कित्येक जॉबांची आर्टवर्क बदलली. म्हणून एकाच खोक्याच्या चार-पाच आवृत्त्या इकडेतिकडे पडलेल्या असतात आणि त्यातली नेमकी एक 'मंजूर' असते. ती सापडली नाही तर काम थांबतं. चुकीची सापडली तर त्याहून वाईट.

सर्व्हर उबंटूचा (लिनक्सचा एक प्रकार), डिस्कवर फाईली मांडायची पद्धत ईएक्सटी४. डिझायनर विंडोजवरून सांबामार्फत (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) काम करतात. सर्व्हरवर 'जॉब्स' हा मोठा फोल्डर, त्यात प्रत्येक ग्राहकाचा फोल्डर आणि त्याच्या आत तीन: 'चालू', 'प्रूफ', 'मंजूर'. सगळ्या फोल्डरांची परवानगी २७७५, ओनर रूट (सर्वाधिकार असलेलं खातं), ग्रुप 'डिझाईन'. शेवटचे तीन आकडे अनुक्रमे ओनर, ग्रुप आणि बाकीच्यांचे: ४ वाचणं, २ लिहिणं, १ आत शिरणं, आणि त्यांची बेरीज. सुरुवातीच्या २ मुळे नवी फाईल आपोआप 'डिझाईन' ग्रुपची होते आणि एकाचं काम दुसऱ्याला पुढे नेता येतं. इथपर्यंत काही वावगं नाही, निम्म्या नवी मुंबईत असंच असेल.

खरी मेख 'मंजूर'मध्ये होती. क्यूसी (गुणवत्ता तपासणी) बघणाऱ्या मॅडम ऑफिसातल्या एका साध्या फॉर्मवर जॉब नंबर टाकून 'पास' म्हणत. मग रूटच्या नावाने चालणारी एक स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) ती फाईल 'प्रूफ'मधून 'मंजूर'मध्ये हलवे, ओनर म्हणून मॅडमचं खातं लावे आणि परवानगी ४४४ करे, म्हणजे सगळ्यांना फक्त वाचायला. मॅडमना 'डिझाईन' ग्रुपमध्ये मुद्दामच घेतलं नव्हतं. तपासणाऱ्याने आर्टवर्कला हात लावायचा नाही, हा साहेबांचा नियम, आणि तो चांगलाच होता.

तेव्हा सगळ्यांचा समज असा: फाईल मॅडमच्या नावावर, वर ४४४, म्हणजे ती मॅडमखेरीज कुणाला उडवता येणार नाही.

अडचण

सोमवारी सकाळी एका जुन्या जॉबची रिपीट ऑर्डर आली. प्लेटवाल्याने 'मंजूर' उघडला तर फाईल नाही. एका डिझायनरने आपल्या मशीनवरची प्रत काढून दिली. नावात दोनदा 'फायनल' होतं. मॅडमनी ती उघडून पाहिली आणि थांबवली, कारण ती क्यूआर कोड येण्याआधीची होती. तोवर दुसऱ्याने बाकीचे ग्राहक तपासले होते. जवळजवळ प्रत्येकाच्या 'मंजूर'मधून जुन्या फाईली गायब होत्या. अलीकडच्या तेवढ्या जागेवर.

सर्व्हरची देखभाल एका बाहेरच्या एजन्सीचा मुलगा करतो. त्याने साहेबांना फाईलींची जुनी यादी दाखवली. ओनरच्या रकान्यात प्रत्येक ओळीत मॅडमचं खातं. साहेबांनी लगेच विभागप्रमुखांना मेल टाकला, प्रत मॅडमना: फाईली मॅडमच्या नावावर होत्या, त्यांच्याशिवाय कुणी काढू शकत नाही, त्यांनी खुलासा करावा.

मॅडमचं उत्तर एका वाक्याचं होतं. "साहेब, त्या फोल्डरमध्ये मला साधी एक फाईल ठेवतासुद्धा येत नाही, काढणार कुठून?"

हे वाक्य कुणी नीट ऐकलं असतं तर निम्मा दिवस वाचला असता.

पहिला निर्णय: आधी बघायचं, मग परत आणायचं

मी पोचलो तेव्हा देखभालीचा मुलगा बॅकअपमधून फाईली परत टाकायच्या तयारीत होता. काम अडलेलं, फोन वाजतायत, त्यामुळे घाई समजण्यासारखी. तरी त्याला थांबवलं.

कारण असं. लिनक्समध्ये फोल्डरलाही स्वतःची 'शेवटचा बदल' वेळ असते, आणि आतलं एखादं नाव वाढलं, गेलं किंवा बदललं की ती वेळ पुढे सरकते. फाईल गेली तरी ती ज्या फोल्डरमधून गेली त्याच्या अंगावर वेळ राहते. पण ती फक्त शेवटच्या बदलाची. एक फाईल परत टाकली की जुनी वेळ पुसली गेली. फाईल कोण काढतं याची नोंद ठेवणारी यंत्रणा इथे चालू नव्हती, त्यामुळे हाताशी होता तो एवढाच धागा.

सगळ्या 'मंजूर' फोल्डरांच्या वेळा स्टॅट कमांडने एका फाईलमध्ये उतरवून घेतल्या. सकाळी ज्याच्यात नवा जॉब पास झाला होता त्या एका ग्राहकाची वेळ सोमवारची. बाकी जिथून फाईली गेल्या होत्या ते सगळे फोल्डर रविवारी पहाटे अडीचचे, एकमेकांपासून काही सेकंदांच्या अंतराने. कोर्टात टिकेल असा हा पुरावा नाही, अशी वेळ मागाहून बदलताही येते. पण रविवारी पहाटे अडीचला कुणी माणूस सेकंदासेकंदाला एकेक फोल्डर उघडून फाईली काढत बसत नाही.

ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या लॉगमध्ये त्याच मिनिटाला एकच काम होतं: जुने प्रूफ साफ करणारी स्क्रिप्ट. ती 'हॉटफोल्डर' नावाच्या खात्याने चालत होती आणि ते खातं 'डिझाईन' ग्रुपमध्ये होतं.

आत एकच ओळ कामाची. फाईली शोधणारी फाइंड कमांड, ६० दिवसांत न बदललेल्या फाईली, आणि शेवटी डिलीट. आधी ही ओळ फक्त 'प्रूफ' फोल्डरांकडे बघत होती. मग एका नव्या ग्राहकाने भाषेनुसार वेगवेगळे प्रूफ मागितले, फोल्डरांची नावं 'प्रूफ-हिंदी', 'प्रूफ-इंग्रजी' अशी झाली, ते साफ होईनात, आणि डिस्क भरत आली. मुलाने मार्ग आखूड करून थेट ग्राहकाच्या फोल्डरवर आणून ठेवला.

हे करताना त्याच्या मनात 'मंजूर' आला नव्हता असं नाही. त्याने विचार केला होता. त्याचं म्हणणं असं: "दादा, त्या फाईली रीड-ओन्ली आहेत ना. मी विंडोजवरून डिलीट करून बघितलं होतं, नाही म्हणाला."

रीड-ओन्ली फाईल उडालीच कशी

साहेबांना तोंडी सांगून पटलं नसतं. म्हणून 'मंजूर'सारखाच ओनर-ग्रुप-परवानग्या असलेला एक 'चाचणी' फोल्डर केला, त्यात मॅडमच्या नावावर ४४४ च्या तीन फाईली ठेवल्या आणि मॅडम व एका ज्युनिअर डिझायनरला शेजारी शेजारी टर्मिनलवर (कमांड टाइप करायची खिडकी) बसवलं.

आधी मॅडमचं खातं. फाईल काढायची आरएम कमांड दिली. तिने विचारलं की ही फाईल लिहिण्यापासून सुरक्षित आहे, काढू का? मॅडमनी वाय दाबला. उत्तर: परवानगी नाही.

मग त्या ज्युनिअर डिझायनरचं खातं, ज्याला त्या फाईलीत एक अक्षर बदलता येत नाही. तीच आरएम, तोच प्रश्न शब्दशः. त्याने वाय दाबला. काहीच उत्तर आलं नाही, कारण फाईल गेली होती.

तिसरी फाईल पुन्हा मॅडमकडे दिली. ओनर म्हणून त्यांनी तिची परवानगी ६४४ केली आणि आतला मजकूर पूर्ण पुसून टाकला. शून्य बाइटची फाईल उरली, पण नाव जागेवर. म्हणजे ज्यांच्यावर फाईल उडवल्याचा आळ होता त्या बाईंना फाईल रिकामी करता येत होती, काढता येत नव्हती. आणि खोलीतल्या बाकी सगळ्यांना उलटं.

याचं कारण युनिक्सच्या रचनेतच आहे. फाईलचं नाव फाईलमध्ये नसतं, ते फोल्डरमध्ये असतं. फोल्डर म्हणजे नावं आणि त्यांच्यापुढे आयनोडचे (प्रत्येक फाईलच्या नोंदपत्राचे) क्रमांक, अशी यादी. ओनर, परवानग्या, आकार, डिस्कवरची जागा हे सगळं आयनोडमध्ये. 'डिलीट' म्हणजे यादीतली एक ओळ खोडणं. त्या आयनोडकडे बोट दाखवणारं एकही नाव उरलं नाही आणि कुणी ती फाईल उघडूनही बसलेलं नसलं, की मग जागा मोकळी होते. ओळ खोडायची तर यादीत लिहिता आलं पाहिजे, म्हणून कर्नल (सिस्टिमचा गाभा) फोल्डरची लिहिण्याची आणि आत शिरण्याची परवानगी तपासतो. फाईलवर ४४४ आहे की ०००, ओनर कोण, हे तो विचारतही नाही. बिल्डिंगखालच्या पाटीवरून नाव काढायला त्या फ्लॅटची किल्ली लागत नाही, पाटीपर्यंत हात पोचला की झालं.

मग आरएम विचारते ते कशाला? ती आरएमची स्वतःची सवय आहे, आणि तीही समोर टर्मिनल असेल तेव्हाच. कमांडला एफ हा सक्तीचा पर्याय लावला की तो प्रश्न गेला. फाइंडचं डिलीट, पायथनमधलं रिमूव्ह हे कुणी विचारतच नाहीत. माझ्या मते या एका प्रश्नाने जितका गैरसमज पसरवला आहे तितका कुठल्या पुस्तकाने पसरवला नसेल. लोकांना वाटतं कडी लागली आहे. तिथे फक्त कुणीतरी 'नक्की ना?' म्हणून विचारतंय.

विंडोजवरची चाचणी खोटी नव्हती. तिथून खरंच नकार येत होता. या सर्व्हरवर सांबाचं सेटिंग असं होतं की ओनरला लिहिता येत नसलेली फाईल विंडोजला रीड-ओन्ली दिसावी, आणि रीड-ओन्ली फाईल उडवू देऊ नये, कारण विंडोजची तशी अपेक्षा असते. विंडोजच्या एनटीएफएस या डिस्क पद्धतीत फाईलवरच 'डिलीट' नावाची वेगळी परवानगी असते, शिवाय फोल्डरवर आतल्या वस्तू काढण्याची आणखी एक. लिनक्सच्या नेहमीच्या परवानग्यांमध्ये तशी चीजच नाही. सांबा ते वागणं वरून नक्कल करून दाखवतो. पण क्रॉन सांबातून जात नाही. मुलाने चाचणी केली ती एका दाराची, आणि स्क्रिप्ट आली दुसऱ्या दाराने.

मॅडमचं नाव तरी तिथे कुठून आलं

साप्ताहिक बॅकअपच्या डिस्कवरची जुनी यादी चाळताना विभागप्रमुखांच्या एक गोष्ट लक्षात आली. मॅडम इथे रुजू होण्याच्या आधीच पास झालेल्या फाईलीसुद्धा त्यांच्याच नावावर दिसत होत्या.

डिस्कवर नाव लिहिलेलं नसतं, यूआयडीचा, म्हणजे खात्याचा, आकडा असतो. एलएस कमांड तो आकडा खात्यांच्या यादीत शोधून नाव छापते. आधीच्या क्यूसीवाल्यांनी नोकरी सोडली तेव्हा त्यांचं खातं काढून टाकलं होतं. सर्व्हरवर सगळ्यात शेवटी उघडलेलं खातं तेच. मग मॅडमचं खातं उघडलं, आणि युजरअ‍ॅड साधारणपणे वापरात असलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढचा देते. तो नेमका मोकळा झालेला जुनाच आकडा होता. आदल्या माणसाच्या सगळ्या फाईली एका रात्रीत मॅडमच्या नावावर झाल्या, कुणी काही न करता.

ज्या रकान्यावर विसंबून खुलासा मागितला होता, त्या रकान्याची ही पत.

फाईली परत आणणं

रात्रीचा बॅकअप शेजारच्या नॅसवर (नेटवर्कवरची साठवण पेटी) आरसिंक या प्रती काढणाऱ्या प्रोग्रामने होत होता आणि त्यात मूळ ठिकाणी नसलेलं बॅकअपमधूनही काढायचा पर्याय लावलेला होता. अडीचला फाईली उडाल्या, चारला बॅकअपने इमानदारीने तिथूनही उडवल्या. आरसा आणि बॅकअप यातला फरक लोकांना अशाच सकाळी कळतो.

डिस्कवरून पुसलेलं उकरून काढायचा पर्याय होता. ईएक्सटी४ मध्ये फाईल काढताना ती डिस्कवर कुठे कुठे होती याच्या नोंदीही आयनोडमधून जातात, त्यामुळे मिळाले तर नाव नसलेले तुकडे मिळतात. त्यासाठी सर्व्हर ताबडतोब बंद ठेवावा लागला असता, आणि तो रविवारपासून चालूच होता. औषधाच्या आर्टवर्कमध्ये 'बहुतेक हीच फाईल' चालत नाही. हा पर्याय सोडला. उडालेल्या फाईली कुणी अजून उघड्या ठेवल्या आहेत का, हे एलएसओएफ कमांडने पाहिलं. उघड्या असत्या तर प्रॉक फोल्डरमधून प्रत काढता आली असती. एकही नव्हती.

उरली साहेबांच्या घोडबंदर रोडच्या घरी असलेली साप्ताहिक डिस्क. त्या शनिवारी ती बदलायची राहून गेली होती, म्हणून घरी होती ती आणखी एक आठवडा जुनी. पण उडालेल्या फाईलींची शेवटची दुरुस्ती ६० दिवसांपूर्वीची, म्हणजे त्या सगळ्या जुन्या डिस्कवर असायलाच हव्यात, असा माझा हिशेब होता. जवळपास सगळ्या मिळाल्याही. 'चालू'मधून गेलेल्या जुन्या कामाच्या फाईलीही मिळाल्या.

मोजक्या काही मिळाल्या नाहीत, आणि त्या का नाहीत हे शोधताना आणखी एक गोष्ट कळली. एकाच डिस्कवर फाईल हलवली, ओनर बदलला, परवानगी बदलली, तरी मजकुराची 'शेवटचा बदल' वेळ तीच राहते. ग्राहकाकडून आलेलं जुनं आर्टवर्क काही न बदलता नव्याने मंजूर झालं की ते फोल्डरमध्ये काल आलेलं असतं, पण स्वतः दोन वर्षांचं. अशा फाईली डिस्क घरी गेल्यानंतर 'मंजूर'मध्ये आल्या आणि रविवारी साफसफाईत गेल्या. त्या ग्राहकांच्या मंजुरीच्या मेलमधून काढल्या, आणि मॅडमनी प्रत्येक पुन्हा तपासून पास केली.

पुढे असं होऊ नये म्हणून: कोणते पर्याय होते

साहेबांनी कुणाकडून तरी स्टिकी बिटबद्दल ऐकलं होतं. "तो टीएमपी फोल्डरवर असतो तो सगळीकडे लावून टाका." टीएमपी म्हणजे सगळ्यांच्या तात्पुरत्या फाईलींचा फोल्डर, त्याची परवानगी १७७७ असते. त्यातल्या १ मुळे फोल्डरमध्ये कुणालाही लिहिता येत असलं तरी नाव काढायचं किंवा बदलायचं तर फाईलचा ओनर, फोल्डरचा ओनर किंवा रूट यांनाच जमतं. फोल्डरांसाठी ही युक्ती १९८६ च्या ४.३ बीएसडीपासून आहे, आणि ओनर कोण याला डिलीटच्या वेळी महत्त्व येतं ते तिच्यामुळेच.

पण सगळीकडे लावणं मला पटलं नाही. बरीच सॉफ्टवेअरं सेव्ह करताना आधी तात्पुरती फाईल लिहितात आणि मग ती मूळ नावावर सरकवतात. 'चालू'मध्ये एक डिझायनर दुसऱ्याचं काम पुढे नेतो. तिथे स्टिकी बिट लावला असता तर दुसऱ्याच्या फाईलवर सेव्ह होताना अडलं असतं, आणि दोन दिवसांत कुणीतरी वैतागून सगळ्याला ७७७ मारलं असतं. परवानग्या नेहमी अशाच मोडतात, कामाच्या आड आल्या म्हणून.

एजन्सीने एसीएल (खात्यागणिक वेगळ्या परवानग्यांची यादी) सुचवलं. उपयोगी गोष्ट, पण या प्रश्नावर नाही. ईएक्सटी४ वरच्या एसीएलमध्येही वाच, लिही, चालव एवढ्याच परवानग्या असतात. 'डिलीट' वेगळी नाही. कोणाला किती हे बारीक ठरवता येतं, काय काय हे नाही.

सीएचअ‍ॅटरने फाईली गोठवायच्या, म्हणजे रूटलाही ती खूण काढल्याशिवाय उडवता येणार नाहीत, यावर आम्ही बराच वेळ बोललो. त्याच कमांडचा दुसरा प्रकार फोल्डरवर लावला तर आत नव्या फाईली येऊ शकतात, पण जुनी काढता किंवा तिचं नाव बदलता येत नाही. ऐकायला अगदी हवं ते. अडचण एवढीच की रद्द झालेली आवृत्ती 'मंजूर'मधून बाहेर काढणं हेही मॅडमचं रोजचं काम आहे, आणि ते स्क्रिप्ट करते. प्रत्येक वेळी खूण काढा, फाईल हलवा, खूण लावा, आणि मधे स्क्रिप्ट अडकली तर फोल्डर उघडाच. शिवाय ही खूण एलएसच्या यादीत दिसत नाही. वर्षभराने कुणी नवा माणूस 'रूट असून फाईल का हलत नाही' म्हणून डोकं आपटत बसेल. नको म्हटलं.

मॅडमना सुडोतून (ठरावीक कमांड रूट म्हणून चालवायची सोय) आरएमची मुभा देऊन टाका, असंही निघालं, मार्गात पुढे फुली (*, म्हणजे 'काहीही चालेल') टाकून. इथे मी स्पष्ट नाही म्हटलं. सुडोच्या नियमात पर्यायांच्या जागी टाकलेली फुली स्लॅश आणि मोकळी जागा दोन्ही गिळते. परवानगी 'मंजूर'पुरती दिली असं वाटतं, आणि त्याच ओळीत पुढे दुसऱ्या कुठल्याही फाईलचा मार्ग लिहिता येतो.

काय केलं

शेवटी जे केलं ते साधं होतं. 'मंजूर'मध्ये फाईल ठेवते कोण? रूटची स्क्रिप्ट. डिझायनरना तिथे लिहायची गरज कधीच नव्हती. कधीतरी सगळ्यावर एकदम सीएचमॉड (परवानगी बदलायची कमांड) चालवलं गेलं आणि हा फोल्डरही त्यात आला. त्याची परवानगी २७५५ केली. ग्रुपला वाचता येतं, आत शिरता येतं, यादीत फेरफार करता येत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर भोक राहिलं असतं. 'मंजूर' हेही वरच्या फोल्डरच्या यादीतलं एक नावच. ग्राहकाच्या फोल्डरवर ग्रुपला लिहिता येत होतं, म्हणजे कुणीही 'मंजूर'चं नाव 'मंजूर-जुना' करून त्याच नावाचा नवा रिकामा फोल्डर ठेवू शकला असता. भरलेला फोल्डर काढता आला नसता, कारण आधी आतलं काढावं लागतं, पण नाव बदलायला आतल्या परवानगीची गरज नसते. म्हणून ग्राहकाच्या फोल्डरवर मात्र स्टिकी बिट लावला: ३७७५ (स्टिकीचा १ आणि आधीचा २ मिळून ३). डिझायनर तिथे स्वतःचे फोल्डर करू शकतात, रूटच्या 'मंजूर'ला हात लावू शकत नाहीत. त्याच्या वरचा 'जॉब्स' थेट ७५५, नवा ग्राहक स्क्रिप्टनेच उघडायचा. वरपर्यंत अशी प्रत्येक पायरी बघावी लागते, आणि बहुतेक जण पहिल्या पायरीवर थांबतात.

'मंजूर'मधल्या फाईलींची मालकी कुणा माणसाऐवजी 'मंजुरी' नावाच्या खात्याला दिली, ज्याने कुणाला लॉगिन करता येत नाही. पास कोणी केलं याची नोंद फॉर्मच्या नोंदवहीत असते, तिथेच ती असायला हवी. सोडून गेलेल्यांची खाती आता काढत नाहीत, बंद करून ठेवतात, म्हणजे आकडा दुसऱ्याला जात नाही.

साफसफाईला वेगळं खातं दिलं, 'डिझाईन' ग्रुपबाहेर. 'प्रूफ' फोल्डरांवर त्याला एसीएलने लिहायची परवानगी दिली, पुढे बनणाऱ्या आतल्या फोल्डरांनाही ती लागू होईल अशी. आता मार्ग पुन्हा कुणी आखूड केला तरी ते खातं 'मंजूर'मध्ये काही करू शकत नाही. एजन्सीच्या एसीएलला असं काम मिळालं.

बॅकअप रोजच्या वेगळ्या प्रतींचा केला. न बदललेल्या फाईली आदल्या दिवशीच्या प्रतीशी हार्डलिंकने (त्याच आयनोडला आणखी एक नाव) जोडल्या जातात, त्यामुळे जागा फारशी लागत नाही आणि कालचं डिलीट परवाच्या प्रतीपर्यंत पोचत नाही. 'मंजूर'वर ऑडिटडीचा (कोणी काय केलं ते नोंदवणारी सेवा) पहारा बसवला. तो मूळ लॉगिन कुणाचं होतं हे सुडोनंतरही लक्षात ठेवतो. सांबातून येणाऱ्यांना तो नीट ओळखत नाही, म्हणून तिथे सांबाचं स्वतःचं ऑडिट लावलं. पूर्ण 'जॉब्स'वर पहारा लावून पाहिला होता. डिझायनरच्या प्रत्येक सेव्हने लॉग फुगला, लगेच काढला.

निष्पत्ती

सगळं झाल्यावर 'चाचणी' फोल्डरवर तोच खेळ पुन्हा केला, या वेळी सगळ्या दारांनी: विंडोजवरून, टर्मिनलवरून, क्रॉनमधून, आणि 'मंजूर'चंच नाव बदलून. चारही ठिकाणी नकार आला. रिपीट ऑर्डर उशिरा गेली, पण बरोबर आवृत्तीची गेली.

देखभालीच्या मुलाला काढा, असं एजन्सीला सांगायचं घाटत होतं. मी माझं मत दिलं: त्याने विचार केला होता, चाचणीही केली होती, आणि विचारल्यावर लपवलं नाही. तो अजून येतो.

वेगळं काय करता आलं असतं

फाईली परत टाकायच्या आधी वेळा उतरवून घेतल्या हे बरं झालं, पण त्याही आधी रविवारी पहाटे चारच्या आत कुणी पाहिलं असतं तर चारचा बॅकअप थांबवता आला असता. साफसफाईची स्क्रिप्ट काय उडवते आहे याची यादी कुणाच्या मेलमध्ये जात नव्हती. फाइंडच्या त्याच ओळीत डिलीटऐवजी प्रिंट लिहून एकदा चालवलं असतं, तर 'मंजूर'ची नावं पडद्यावर दिसली असती. आता मार्ग बदलला की पहिल्या रात्री स्क्रिप्ट फक्त यादी छापते, आणि दुसऱ्या रात्रीपासून फाईली आधी एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवते.

दुसरी गोष्ट माणसांची. चाचणी झाल्यावर साहेबांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावून मोकळेपणाने माफी मागितली. खुलासा मात्र मेलवर, विभागप्रमुखांसमोर मागितला होता. माफीही त्याच मेलच्या उत्तरात यायला हवी होती असं मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, "झालं ना आता." मॅडमनी त्यावर काही म्हटलं नाही, पण खुलासा म्हणून त्या चाचणीचा पडद्यावरचा सगळा मजकूर त्याच मेलला जोडून पाठवून दिला.

एक काम बाकी आहे. प्रॉडक्शनवाले घाईत कधीकधी नव्या ग्राहकाचा फोल्डर स्क्रिप्टशिवाय, जुन्याची नक्कल करून उघडून घेतात; त्यांच्यातल्या एकाकडे रूटचा पासवर्ड आहे. नक्कल करताना परवानग्या येतातच असं नाही. तूर्त दर सोमवारी एक छोटी स्क्रिप्ट ग्रुपला लिहिता येणारे 'मंजूर' आणि स्टिकी बिट नसलेले ग्राहकांचे फोल्डर शोधून मॅडमना यादी पाठवते. पासवर्ड परत घ्यायचा विषय साहेबांनी दिवाळीनंतर बघू म्हटलं आहे.